मोसमाचं घड्याळ: पुण्यातल्या मैफिलींच्या रागनोंदी, २०२४-२५

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

केली एकदाची सुरुवात. गेली काही वर्षं मी, शेजारच्या काकू आणि काकूंचा भाचा असे तिघं मैफिलींना जातो आणि येताना रिक्षात तेच भांडण, की हल्ली सगळे तेच तेच राग गातात. काकूंचं म्हणणं कलाकार आळशी झालेत, भाचा (तबला शिकतोय, त्यामुळे कलाकारांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही) म्हणतो लोकांनाच तेच लागतं, आणि मी मधे बसून दोघांकडे माना हलवतो. या वर्षी म्हटलं बास झालं, लिहून ठेवू. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या शीट्स भरतोच, एक आपली भरू.

शीट बनवली. रकाने असे: तारीख, जागा, उघडा मांडव की बंद हॉल, पत्रिकेवरची वेळ, प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ, राग, ताल, लय, पट्टी (सा कुठल्या उंचीला धरला ते), किती मिनिटं, त्या दिवशीचा सूर्यास्त आणि शेवटी रागाची शास्त्रात सांगितलेली वेळ, कारण बहुतेक रागांना दिवसाचा किंवा रात्रीचा ठराविक काळ नेमून दिलेला असतो. काकू म्हणाल्या, "अरे गाणं ऐकायचं का स्टॉपवॉच धरून बसायचं?" म्हटलं तुम्ही ऐका, मी बघतो घड्याळ.

कलाकारांची नावं शीटमध्ये आहेत पण इथे नोंदीत टाकणार नाही. नाव आलं की चर्चा नावावर जाते आणि घराण्यांची भांडणं सुरू होतात, आपल्याला वेळेबद्दल बघायचंय.

१९ ऑक्टोबर

नियम ठरवण्यातच अख्खा शनिवार गेला. राग सुरू कधी झाला म्हणायचा? भाचा म्हणतो ठेका लागला की. काकू म्हणतात आलापातला पहिला सा लागला तेव्हाच. तानपुरे जुळवणं, तबलजीची हातोडी, "आवाज येतोय ना मागे?" वगैरे प्रकार दोघांच्याही मते धरायचे नाहीत, पण मी ते वेगळे लिहिणार कारण तासाभरातली दहा मिनिटं त्यातच जातात. शेवटी काकूंचा सा मान्य.

दुसरी भानगड राग ओळखण्याची. गायक सांगतात बहुतेक वेळा, निवेदक पण सांगतो, पण वादक लोक कधीकधी थेट सुरू करतात आणि बंदिशीचे शब्द नसल्यामुळे काहीच हाताला लागत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर एकच, पंचम तिघांतही नाही, फरक सगळा चालीचा: मारव्यात रिषभ-धैवतावर मुक्काम आणि षड्ज (म्हणजे सा) टाळत राहायचं, पूरियाचा जीव गंधार-निषादात आणि खालच्या सप्तकात, सोहनी वरच्या सप्तकात हिंडते. वर तिघांच्या वेळा पण एक नाहीत, मारवा-पूरिया संध्याकाळकडचे आणि सोहनी उत्तररात्रीची. म्हणजे इथे नाव चुकलं की वेळेचा रकाना सरळ उलटा होतो. शंका आली तर काकूंचा शब्द शेवटचा, असं लेखी ठरलंय. भाच्याने सही केली नाही.

भैरवी मोजायची नाही. शास्त्रात सकाळची, पण शेवट करायला कधीही गातात, ती धरली तर सगळा हिशेब बिघडतो.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

दिवाळी पहाट. मोसमाची खरी सुरुवात हीच. अंघोळ, उटणं, एक करंजी तोंडात आणि अंधारात स्कूटर. आम्ही बागेतल्या कार्यक्रमाला गेलो, गर्दी एवढी की चप्पल ठेवायला जागा नाही.

आजची नोंद रागांपेक्षा वेळेची जास्त. कायद्याने रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर बंद. म्हणजे पहाटेचा कार्यक्रम म्हटलं तरी माइक सहाच्या आधी सुरू होत नाही. आणि आज पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या आसपास. ललित, भटियार हे जे उजाडायच्या आधीचे राग, त्यांना उरला जेमतेम अर्धा तास, त्यात पाच मिनिटं दीपप्रज्वलन आणि मान्यवरांचा सत्कार. आज त्या खिडकीत एक अहिर भैरव आला फक्त, तोही छोटा. मग भूपाळी, अभंग, नाट्यगीतं. लोक खूश, मीही खूश, अहिर भैरव चांगलाच झाला. पण शीटमध्ये ललितची ओळ कोरी.

काकू म्हणाल्या, "पहाट म्हणतात आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत गातात." बरोबर आहे.

१० नोव्हेंबर

रागांच्या वेळांचा तक्ता भरत बसलोय. संगीतशास्त्रकार भातखंड्यांची पद्धत धरली आहे कारण ती निदान लिहिलेली आहे. ढोबळ सांगायचं तर वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, सप्तकाच्या पूर्वांगात (खालच्या अर्ध्यात) असला तर राग दुपारी १२ ते रात्री १२ मधला, उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) असला तर रात्री १२ ते दुपारी १२ मधला. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार एकत्र आले की बहुतेक संधिप्रकाश, म्हणजे दिवस-रात्रीच्या सांध्यावरचे. आणि मध्यम वाट दाखवतो, तीव्र मध्यम जोरात असला तर संध्याकाळकडे, शुद्ध असला तर सकाळकडे. अपवाद भरपूर आहेत आणि प्रत्येक अपवादाला काकूंकडे एक गोष्ट आहे.

दक्षिणेकडच्या कर्नाटक संगीतातून आलेले राग कुठे ठेवायचे कळेना. हंसध्वनी, किरवाणी, चारुकेशी, वाचस्पती. तिकडे मैफिलीत वेळेचं बंधन असं पाळत नाहीत, आपल्याकडे आल्यावर लोकांनी सवयीने संध्याकाळ-रात्रीत बसवलेत. हंसध्वनी तर मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी इकडे रुळवला. यांना "वेळ नाही" असा शेरा. भाच्याच्या मते कलाकार हल्ली हे राग जास्त घेतात ते याच सोयीसाठी, कुठल्याही स्लॉटला चालतात. हे तपासायला हवं.

१७ नोव्हेंबर

काही नाही. २० तारखेला विधानसभेचं मतदान, सगळीकडे सभा, भोंगे आणि झेंडे. आमच्या यादीतला एक कार्यक्रम पुढे गेला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज लिहायलाच पाहिजे. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये बैठक होती, पत्रिकेवर साडेपाच, प्रत्यक्षात पावणेसहाला बसल्या. सूर्यास्त सहाला दोन-चार मिनिटं कमी असताना. आणि बाईंनी सहाच्या ठोक्याला मारवा सुरू केला, विलंबित (संथ) एकताल.

हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्या उघड्या होत्या, पडदे लावायला कोणी विसरलं की मुद्दाम ठेवले माहीत नाही. बाई सा लावतच नव्हत्या, रिषभावर थांबायच्या, धैवतावर थांबायच्या, आणि आपण खुर्चीत बसून वाट बघतोय की आता येईल घरी, आता येईल. बाहेर उजेड उतरत चाललेला. कोणी दिवे लावले नाहीत. चाळीसेक मिनिटांनी द्रुतात, म्हणजे जलद लयीत, शिरल्या तेव्हा अंधार झालेला आणि मग एका माणसाने उठून ट्यूबलाइटचं बटण दाबलं, त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की बिचारा परत बंद करून बसला.

भाचा येताना एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत विक्रमी आहे. मग म्हणाला, "दादा, हेच रात्री साडेआठला गायल्या असत्या तर?" मला वाटतं तरी चांगलंच गायल्या असत्या. पण आज जे झालं ते नसतं झालं. रागाला वेळ असते म्हणजे नेमकं काय असतं यावर मी बरंच वाचलंय, पटणारं आणि न पटणारं, काही लोक त्याला निव्वळ संकेत म्हणतात. असेल संकेत. दिवाळीला आपण सकाळी अंघोळ करतो तो पण संकेतच आहे.

८ डिसेंबर

पुढच्या आठवड्यानंतर सवाई. त्याआधी जरा मागचं लिहून ठेवतो, कारण माझ्या डोक्यात जे चाललंय त्याचं मूळ तिथे आहे.

सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, भीमसेनजी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर यांचे गुरू. १९५२ साली गेले. पुढच्या वर्षी, १९५३ पासून त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त हा उत्सव सुरू झाला, आर्य संगीत प्रसारक मंडळ करतं, आणि भीमसेनजींनी तो आयुष्यभर खांद्यावर वाहिला. २०११ मध्ये तेही गेले, आता नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. कित्येक वर्षं रमणबागेत, शाळेच्या मैदानावर, होता, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. यंदा सत्तरावा.

आता काकूंची गोष्ट. त्या कॉलेजात असताना रमणबागेत रात्रभर बसायच्या. रात्रभर म्हणजे खरंच रात्रभर, शाल, कानटोपी, थर्मास, आणि शेवटच्या दिवशी उजाडल्यावर भीमसेनजी गायचे. त्यामुळे संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा अख्खा रागपट एका मांडवात ऐकायला मिळायचा, पूरिया, यमन, बिहाग, बागेश्री, दरबारी, मालकंस, मग ललित, मग तोडी. मग आले नियम. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, दहाला माइक बंद म्हणजे बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण त्या पंधरात गणपती आहेत, नवरात्र आहे, बाकी सगळं आहे. सवाईच्या वाट्याला एखादा दिवस येतो.

मी नियमाच्या विरोधात नाही, हे आत्ताच लिहून टाकतो. गणपतीत आमच्या गल्लीत जे चालतं ते ऐकल्यावर कोणीही नसेल. पण डीजेच्या भिंतीसाठी केलेल्या नियमात दरबारी पण अडकला एवढं तरी म्हणायला हरकत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

काल रात्री तबलावादक झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, मग घरच्यांनी सांगितलं नाही म्हणून, जरा हायसं वाटलं, आणि आज सकाळी ती खरीच ठरली. काल सॅन फ्रान्सिस्कोत गेले, ७३ वर्षांचे होते. याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतली होती.

भाच्याने क्लासला दांडी मारली. मग त्याच्या सरांचाच फोन आला की ये, सगळे आलेत, नुसते बसलेत. तिथे म्हणे दोन तास कोणी वाजवलं नाही आणि मग सरांनी तबल्यावर एक कायदा (बोलांची ठरावीक रचना) सुरू केला आणि सगळ्यांनी तोच एक कायदा संध्याकाळपर्यंत वाजवला.

हे वर्षच असं गेलं. जानेवारीत चार दिवसांच्या अंतराने गायक राशिद खाँ आणि गायिका प्रभाताई अत्रे गेल्या. सवाईचा समारोप प्रभाताईंचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की पत्रिका बघताना नजर आधी शेवटच्या ओळीवर गेली.

१८ डिसेंबर, बुधवार

सवाई, दिवस पहिला. ऑफिसात "पर्सनल काम" असं टाकून हाफ डे. स्वारगेटची भुयारी मेट्रो सप्टेंबरअखेर सुरू झालीय, तिथून पुढे चालत, या वेळी पार्किंगचं टेन्शन नाही. भारतीय बैठकीचं तिकीट, सतरंजी, उशी काकूंची.

मांडवात जिथे बघावं तिथे झाकीरजींचाच विषय. चहाच्या रांगेत अनोळखी माणसं एकमेकांना सांगत होती की कुठल्या साली कुठे ऐकलं.

कोण काय गायलं-वाजवलं ते पेपरात सविस्तर येईल, इथे परत लिहीत नाही. घड्याळ: आज तीनला सुरू, दहाला बंद. उद्या-परवा चार ते दहा, शनिवारी चार ते बारा, रविवारी दुपारी बारा ते दहा.

आता नुसतं हे वेळापत्रकच बघा. हिवाळ्यात सहाला सूर्यास्त. चार ते दहा म्हणजे दिवसाच्या चौथ्या प्रहराचे (तीन ते सहा) दोन तास, संधिप्रकाश पुरा, आणि रात्रीचा पहिला प्रहर आणि थोडा वर. मुलतानी, भीमपलासी, मधुवंती, पटदीप, मग मारवा, श्री, पूरिया धनाश्री, मग यमन, शुद्ध कल्याण, भूप, हमीर, केदार, आणि फारच ताणलं तर बिहाग, बागेश्री, रागेश्री. पुढचं पुस्तक बंद. कलाकाराने काय गायचं हे निम्मं तरी मंडळाच्या परवानगीच्या कागदानेच ठरवून टाकलेलं असतं. काकूंना हे मध्यंतरात सांगितलं. वडापाव खात खात ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणून काय रोज पूरिया धनाश्री?"

२१ डिसेंबर, शनिवार

आज बाराची सूट. दहा वाजले, माइक चालूच राहिला, आणि मांडवात एक वेगळीच हवा आली. लोकांनी दहाच्या सुमाराला सवयीने घड्याळं बघितली. काही उठले, मुलं झोपलेली खांद्यावर, शेवटची मेट्रो गेलेली. उरलेले पुढे सरकले. थंडी पण दहानंतरच खरी पडते.

दहा ते बारामध्ये माणूस किती निवांत गातो हे बघायचं होतं, मिनिटं लिहिलीयत. इतर दिवशी एकेका कलाकाराला तास-सव्वातास, आणि शेवटच्याला तर मागच्यांनी खाल्लेला वेळ भरून द्यावा लागतो, पाऊण तासात ख्याल, तराणा, अभंग आणि भैरवी, सगळं आवरायचं, निवेदक विंगेतून खुणा करतोय. अशा वेळी कोण नवीन किंवा अवघड राग काढेल? ओळखीचाच काढणार, पहिल्या दोन आवर्तनांत लोक सोबत येतात. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं, रागाची वेळ एक गोष्ट आणि रागाला मिळणारा वेळ दुसरी. काकूंचा "आळशीपणा" बराचसा या दुसऱ्यात आहे.

२२ डिसेंबर, रविवार

बाराला सुरू. वर्षभरात सारंग ऐकायचे असतील तर ही दुपार सोडायची नाही. वृंदावनी, शुद्ध, गौड, ही सगळी मंडळी एरवी हॉलवाल्यांच्या जगात येतच नाहीत कारण भर दुपारी बाराला तिकीट काढून कोण येणार. हा रविवारचा स्लॉट खरं तर दहाच्या बंदीमुळेच लांबलाय, रात्र गेली म्हणून दुपार मिळाली. हे काकूंनीच काढलं, मी नाही. म्हणाल्या आमच्या वेळी सारंग रेडिओवरच.

शेवटी नेहमीसारखी सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लागली, भैरवीची, ७८ च्या तबकडीवरची. तीन-साडेतीन मिनिटं. उभे राहून ऐकली. शीटमध्ये टाकली नाही, भैरवी मोजायची नाही असं ठरलंय.

५ जानेवारी २०२५

आता वसंतोत्सव, स्वरझंकार हे महोत्सव आणि बाकी छोटे-मोठे, जानेवारीत एका संध्याकाळी दोन ठिकाणी काहीतरी असतंच. भाचा एकीकडे, मी दुसरीकडे असं वाटून घेतलंय.

एक प्रश्न मला एकाने विचारला तो रास्त आहे: दहाची बंदी उघड्यावर, बंद हॉलला ती लागू नाही, मग हॉलमध्ये रात्रीचे राग का नाही? उत्तर शोधायला एका आयोजकाशी बोललो. ते म्हणाले, "साहेब, हॉल सत्रावर मिळतो." सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. रात्रीचं सत्र नाटकवाल्यांचं, साडेनवाचा प्रयोग ठरलेला. गाण्याला मिळतं ते संध्याकाळचं, नऊला स्टेज रिकामं करून द्यावं लागतं. वर आपला श्रोता साठीच्या पुढचा, त्याला दहाच्या आत घरी जायचंय, गुडघे दुखतायत, सोसायटीचं गेट बंद होतं. आणि साउंडवाल्याचा, वॉचमनचा ओव्हरटाइम. सुप्रीम कोर्टाने काही म्हटलं नसतं तरी हॉलमधला दरबारी गेलाच असता, असं त्यांचं मत. मला हे आधी पटलं नाही, नंतर शीट चाळल्यावर पटलं. बंद हॉलच्या नोंदी मांडवापेक्षा लवकर संपतात.

२५ जानेवारी, शनिवार

कोथरूडला एका घरी बैठक. ओळखीतून ओळख. हॉलमधलं फर्निचर बेडरूममध्ये, गाद्या, तीस-पस्तीस माणसं, माइक नाही. रात्री साडेनऊला सुरू. गायक तरुण, पट्टी काळी एक.

आधी रागेश्री, तासभर. मग चहा. आणि अकरानंतर दरबारी.

या शीटमधला पहिला दरबारी, मोसम अर्ध्याच्या वर सरला तेव्हा. पाच-दहा मिनिटं नुसतं खाली, मंद्रात. कोमल गंधार असा हलवत हलवत आणायचा की तो नक्की कुठे आहे ते सांगता येऊ नये, धैवतही तसाच. आणि इथे एक गंमत कळली जी शीटमध्ये कुठल्या रकान्यात घालावी समजत नाही. मी मागे दाराजवळ होतो आणि मंद्रातलं निम्मं मला ऐकूच येत नव्हतं. शेजारचे आजोबा कानाला हात लावून. फ्रिज सुरू झाला की बाकीचं निम्मं पण जायचं, शेवटी यजमानांनी फ्रिजचं बटणच बंद केलं.

म्हणजे बघा, दरबारीचं सगळं वैभव खालच्या सप्तकात, आणि ते शेवटच्या माणसापर्यंत पोचवायला माइकसारखी दुसरी सोय नाही. माइक नव्हते तेव्हा रंगभूमीवरचे गवई चढ्या पट्टीत गायचे, पिटातल्या शेवटच्या रांगेसाठी. माइक आला आणि पुरुषांच्या पट्ट्या खाली उतरल्या, खर्जाचं काम लोकांना ऐकू यायला लागलं. आणि आता रात्री अकराला, जी याची वेळ, माइक लावायची सोय नाही. पट्टीचा रकाना काढून टाकावा असं गेल्या महिन्यात म्हणत होतो, आता ठेवणार.

दरबारीनंतर अडाणा, द्रुत तीनताल. तेच कानडा अंग पण आता सगळं वर, तार सप्तकात. मागच्या दारापर्यंत खणखणीत. आजोबांनी कानावरचा हात काढला.

एकला संपलं. काकू रिक्षात म्हणाल्या, "आळशी नाहीयेत रे." मी तारीख-वेळ लिहून ठेवलीय.

२ फेब्रुवारी, वसंत पंचमी

नवीन भानगड. बसंत आणि बहार. शास्त्रात दोघांची वेळ रात्रीची, पण वसंत ऋतूत कधीही गायला मोकळीक. आज सकाळी साडेदहाला बहार ऐकला आणि शीटने त्याला लाल रंग दिला, "वेळेबाहेर". बहार काय वेळेबाहेर आहे, ऋतू त्याचाच आहे. "ऋतू" असा रकाना वाढवला आणि फॉर्म्युला बदलला, भाच्याने केलं ते, त्याला दोन ओळींत जमलं.

१६ फेब्रुवारी

भाच्याचा संशय तपासला. कर्नाटकी राग सोयीसाठी घेतात का? चारुकेशी, किरवाणी, वाचस्पती बरेच भरलेत, पण गायकांच्या नोंदीत कमी, सतार-बासरी-संतूरवाल्यांच्या जास्त. आणि वेळ बघावी तर बहुतेक साडेआठनंतर, म्हणजे संध्याकाळचे राग आधीच्यांनी संपवलेत आणि रात्रीचे खोल राग काढायला वेळ नाही, तेव्हा. त्याचं निम्मं बरोबर. तो म्हणतो पूर्ण.

९ मार्च

चित्र काढलं. चोवीस तासांचं गोल घड्याळ, प्रत्येक मैफिलीतला प्रत्येक राग एक ठिपका, बाहेरच्या वर्तुळावर शास्त्रातली वेळ, आतल्यावर प्रत्यक्ष गायलेली वेळ.

मला वाटलं होतं लोक वेळ पाळत नाहीत असं दिसेल. उलटं दिसलं. दोन वर्तुळं जवळपास जुळतात, कलाकार वेळ अगदी कसोशीने पाळतात. दुपारी मुलतानी, सहाला मारवा-श्री, सातनंतर कल्याणची प्रजा (यमन, शुद्ध कल्याण वगैरे). ठिपक्यांचा नुसता खच साडेपाच ते साडेनऊमध्ये. आणि वेळ पाळतात म्हणूनच उरलेलं घड्याळ रिकामं. मालकंस थोडे आहेत, ते घाईने दहाच्या आधी उरकलेले, हेच काय ते वेळेबाहेरचे. दरबारी तो कोथरूडचा. नायकी कानडा, शहाणा कानडा शून्य. परज, सोहनी असे एखाद-दुसरं छोटं टोकन. ललित नाही. रविवार सकाळच्या बैठकींनी तोडी, बिलासखानी, जौनपुरी, देशकार बऱ्यापैकी सांभाळलेत, ते श्रेय त्या बैठकी करणाऱ्यांना द्यायला हवं, परवडत काही नसतं त्यांना.

आणि यमन! सगळे यमनच गातात असं जे आपण म्हणतो ते शीटमध्ये अजिबात नाही. पूरिया धनाश्री आणि मधुवंती त्याच्या पुढे आहेत. काकूंनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या यमन तरी गायला हवा होता की मग.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी पाडव्याची मैफल, जौनपुरी, मग चैती. यंदाच्या शीटची ही शेवटची ओळ, आता लग्नसराई आणि ऊन.

जानेवारीत बोललेल्या आयोजकांना घड्याळाचं चित्र पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. म्हणतात पुढच्या हिवाळ्यात एखादा शनिवार छोट्या बंद हॉलमध्ये रात्री नऊ ते एक करून बघू, दोनच कलाकार, शंभर खुर्च्या, मंद्र ऐकू येईल एवढाच हलका साउंड. पैसे निघतील का माहीत नाही, पार्किंग मिळेल म्हणाले, रात्री पेठेतसुद्धा मिळतं. मी म्हटलं तुमचा साठीपुढचा श्रोता? म्हणाले तो नाही येणार, त्याची मुलं येतील का ते बघू. काकू बाजूलाच होत्या, त्यांनी फोन हातातून घेऊन त्यांना आपलं वय सांगितलं आणि दोन तिकिटं धरून ठेवायला लावली.

शीट बंद नाही, जुलैपासून मल्हारांसाठी परत उघडायची. मियाँमल्हार, गौडमल्हार, सूरमल्हार, मेघ, रामदासी एवढी यादी झाली. देस त्यात धरायचा की नाही यावर भाचा आणि काकू आत्ताच बोलत नाहीयेत.